घर कोठे करावे?

पोटापाण्यासाठी अमुकच शहरी राहिले पाहिजे ही सक्ती सुटली, म्हणजे तरुण कुटुंबाची दृष्टी साहजिकच लोणावळ्याकडे वळते. सुमारे ६२० मीटर उंचीवरची थंड हवा, एका अंगास मुंबई, दुसऱ्या अंगास पुणे. आणखी काय हवे? पण श्रोतेहो, जागा पारखावयाची ती हिवाळ्यातल्या रविवारी नव्हे, आषाढातल्या मंगळवारी. घाटमाथ्यावर वर्षाकाठी ४००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. पुण्यात ७०० च्या आसपास. भिंतींना ओल चढते, कपडे वाळत नाहीत, आणि शेजारचे हौशी बंगले कुलूपबंद असतात. मुलाने खेळावे कोणाशी, अडीअडचणीला हाक मारावी कोणाला?

घाटमाथ्यापासून पूर्वेस सरकावे तसा पाऊस झपाट्याने ओसरतो. कामशेत, वडगाव, तळेगाव ही त्याच लोहमार्गावरची मावळातली गावे. पैसा फंडाच्या काच कारखान्याने नावारूपास आलेल्या तळेगावात शाळा आहेत, दवाखाने आहेत, बारमाही वस्ती आहे. डोंगर तेथूनही दिसतो.

पैशाची ददात मिटली तरी माणसांची गरज मिटत नाही. म्हणून आधी एक पावसाळा भाड्याने राहावे. मग जमिनीचे खरेदीखत करावे.