‘सेड’, ‘टोल्ड’ की ‘अ‍ॅडमिटेड’? एका क्रियापदाने अडकलेलं भाडं

लोकलच्या गर्दीत ज्यांना हा एपिसोड नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हा लिहिलेला भाग. आजचा विषय आहे इंग्रजीतली बोलण्या-सांगण्याची क्रियापदं. मी सॉफ्टवेअरवाला, इंग्रजीचा मास्तर नाही. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात एक प्रकार झाला आणि तेव्हापासून मी मेलमधलं क्रियापद दोनदा वाचतो.

आम्ही मानकोलीचे. भिवंडीच्या या पट्ट्यात मुंबई-नाशिक हायवेला लागून गोदामंच गोदामं आहेत. माझा मावसभाऊ त्यातल्याच एका गोदामात माल उतरवून घ्यायचं काम बघतो. मराठी माध्यम, मग बीकॉम. काम एकदम चोख, फक्त इंग्रजी मेल म्हटला की हात थांबतो.

एका रात्री ट्रक आला. माल उतरवताना ड्रायव्हर स्वतःच मोजत उभा होता. तोच म्हणाला, “साहब, दो पेटी कम है, देख लो.” भावाने पुन्हा मोजलं. खरंच दोन पेट्या कमी. मग त्याने फोनवरच मेल लिहिला. आधीच्या ओळीत ‘सेड’ आलं होतं. शाळेत शिकवलेलं असतं ना, एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नका. म्हणून दुसऱ्या ओळीत फोनने सुचवलेल्या शब्दांतला जरा भारी वाटणारा शब्द टाकला: “ड्रायव्हर अ‍ॅडमिटेड दॅट टू कार्टन्स आर शॉर्ट.”

भावाच्या मनात होतं, ‘ड्रायव्हरने सांगितलं’. वरच्या ऑफिसने वाचलं, ‘ड्रायव्हरने कबूल केलं’. झालं! ट्रान्सपोर्टरचं भाडं थांबवलं आणि पेट्या कुठे गेल्या म्हणून ड्रायव्हरमागे चौकशी लागली. ज्याने होऊन कमी माल दाखवला, तोच संशयित ठरला.

आता शब्दांकडे येऊ. सुरुवात सोप्यापासून.

से आणि टेल

‘से’ म्हणजे म्हणणे, ‘टेल’ म्हणजे सांगणे. ‘से’चा जोर काय म्हटलं यावर असतो. ‘टेल’ला लगेच माणूस लागतो, म्हणजे कोणाला सांगितलं तो. म्हणून ‘ही सेड दॅट…’ आणि ‘ही टोल्ड मी दॅट…’. ‘ही सेड मी’ चुकीचं, ‘ही टोल्ड टू मी’ पण चुकीचं. (‘टेल द ट्रुथ’, ‘टेल अ लाय’ असे ठरलेले प्रयोग माणसाशिवाय चालतात, ते वेगळे.)

आपली गडबड कुठे होते? मुंबई-ठाण्याकडे आपण सर्रास म्हणतो, “तो मला बोलला की उद्या येतो.” पुस्तकी मराठीत इथे ‘म्हणाला’ हवं. आपण म्हणणे, सांगणे, बोलणे, तिन्हींचं काम एकट्या ‘बोलणे’वर टाकतो आणि तेच इंग्रजीत उतरतं. ‘स्पीक’ आणि ‘टॉक’ हे आपले खरे ‘बोलणे’. ‘टॉक’मध्ये गप्पा, दोघांचं बोलणं येतं. ‘स्पीक’ जरा औपचारिक, शिवाय भाषा येते म्हणायचं तर ‘स्पीक मराठी’च.

तसं हे बारकावे आपल्याला नवे नाहीत. “मी त्याच्याशी बोललो” आणि “मी त्याला बोललो” यातला फरक कोणीही सांगेल. दुसऱ्यात शिव्या खाल्ल्यात बिचाऱ्याने! एका प्रत्ययाने एवढा अर्थ बदलतो.

आता खरा धोका

‘सेड’ला रंग नाही. माणूस म्हणाला, मी लिहिलं, एवढंच. बाकीच्या क्रियापदांमध्ये लिहिणाऱ्याचं मत गुपचूप शिरतं. मी ते ओळखायला दोन प्रश्न विचारतो. एक, हे खरं आहे असं मी म्हणतोय का? दोन, यात बोलणाऱ्यावर दोष येतो का?

‘क्लेम्ड’: दावा केला. तो म्हणतोय खरा, पण माझी खात्री नाही. वाचणाऱ्याच्या मनात शंका तयार.

‘पॉइंटेड आउट’: लक्षात आणून दिलं. गोष्ट खरी आहे हे मी मानतो, दोष कोणावर नाही.

‘रिपोर्टेड’: रीतसर कळवलं. खरं-खोटं अजून तपासायचंय, दोष नाही.

‘अ‍ॅडमिटेड’: कबूल केलं. गोष्ट खरी मानली, आणि सांगणाऱ्याच्या अंगावर येणारी मानली. आधी लपवत होता, मग बोलला, असा वासही त्याला येतो.

पेट्या कमी आहेत हे खरंच होतं, म्हणून पहिल्या प्रश्नात भाऊ पास. दुसऱ्यात अडकला.

असाच एक फसवा जोड आहे ‘डिनाय’ आणि ‘रिफ्यूज’. मराठीत दोन्हींना ‘नाकारणे’ चालतं. पण ‘डिनाय’ म्हणजे ‘असं झालंच नाही’ आणि ‘रिफ्यूज’ म्हणजे ‘मी हे करणार नाही’. ड्रायव्हरने सही करायला नकार दिला तर ‘रिफ्यूज्ड टू साइन’. आपल्याकडे मेलमध्ये ‘डिनाइड टू साइन’ पडतं, ते चूक.

आणि ‘अ‍ॅक्नॉलेज’. इंटरनेटवर डेटा पोचवणाऱ्या टीसीपीमध्ये ‘अ‍ॅक’ असतो. 1981 च्या आरएफसी 793 पासून त्याचा अर्थ एवढाच: इथपर्यंतचा डेटा मला मिळाला. पटला की नाही, हा प्रश्नच नाही. पण माणसांच्या इंग्रजीत दोन अर्थ होतात. ‘अ‍ॅक्नॉलेज्ड द मेल’ म्हणजे मेल मिळाल्याचं कळवलं. ‘अ‍ॅक्नॉलेज्ड द मिस्टेक’ म्हणजे चूक मान्य केली. कागदावर हा शब्द दिसला तर पुढचा शब्द वाचल्याशिवाय सही करू नका.

कबुली ही किती जड गोष्ट आहे ते कायद्यात बघा. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्यातच ‘अ‍ॅडमिशन’ आणि ‘कन्फेशन’ यांचा वेगवेगळा विचार होता. आरोपीने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद आहे. कोर्ट इतकं सांभाळून वागतं, आणि आपण रात्री एक वाजता अंगठ्याने कोणाच्याही नावावर कबुली टाकून मोकळे होतो.

मराठीत यासाठी एक भारी सोय आहे: ‘म्हणे’. “तो उद्या येणार आहे म्हणे.” एका शब्दात सांगून टाकलं की हे माझं नाही, ऐकीव आहे. आपली आजीसुद्धा शेजारची बातमी सांगताना हा शब्द विसरत नाही. इंग्रजीत लिहिताना तेवढीच काळजी घ्यायची, बस.

त्या रात्रीनंतर दोन दिवसांनी भावाने मला फोन केला. आम्ही दुसरा मेल लिहिला: “द ड्रायव्हर हिमसेल्फ पॉइंटेड आउट द शॉर्टेज ड्युरिंग अनलोडिंग. माय अर्लियर वर्ड ‘अ‍ॅडमिटेड’ वॉज राँग.” चूक माझी, हे लिहिताना भाऊ बराच वेळ थांबला होता. पण पाठवला. पुढे पेट्या मुळात भरतानाच कमी भरल्याचं निघालं आणि भाडं सुटलं. तो ड्रायव्हर मात्र पुन्हा त्या गेटवर दिसला नाही. ट्रान्सपोर्टर आता दुसऱ्याला पाठवतो. भाऊ अजून विचारतो त्याच्याबद्दल.

म्हणून ऑफिसचा मेल असो की सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज, दुसऱ्याचं बोलणं लिहिताना खात्री नसेल तर सरळ ‘सेड’ लिहा. दहा वेळा आलं तरी चालेल. बाळबोध वाटलं तर वाटू दे.

तुमच्याकडे अशा शब्दाने झालेला घोळ असेल तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये घेऊ. तोवर, काळजी घ्या!