शेवाळाच्या गोळीत आयोडीन किती?

वडखळ मागे टाकून मुंबई-गोवा महामार्गाने नागोठण्याकडे निघालं, की गडब लागतं. पश्चिमेला खारेपाट पसरलेला: बांध, भातखाचरं, तिवरं आणि त्यापलीकडे खाडीचा चिखल. समुद्रशेवाळाला धरून राहायला खडक लागतो. त्यामुळे ते बघायचं तर ओहोटीच्या वेळी कोर्लई-मुरूडचा कातळ गाठावा लागतो.

गडबच्या घरात मात्र ते वाण्याच्या दुकानातून येतं. चायना ग्रास म्हणजे लाल शेवाळातला चिकट अंश. त्याच्या पांढऱ्या दोऱ्या पाण्यात उकळून विरघळवल्या आणि दुधात घातल्या, की दूध गार होताना थरथरत आळतं. तपकिरी शेवाळातलं अल्जिनेट तर औषधातच असतं. जळजळीवरच्या काही पातळ औषधांतलं अल्जिनेट पोटातल्या आम्लात जेलीसारखं होतं, त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि तो थर अन्नावर तरंगून आम्ल वर येऊ देत नाही.

शेवाळाच्या गोळ्या घ्यायच्या, तर खरी काळजी घ्यायची ती आयोडीनची. १८११ मध्ये बर्नार्ड कुर्त्वा यांना ते शेवाळाच्या राखेत सापडलं. १८२० मध्ये जिनिव्हाच्या डॉ. क्वांदे यांनी ते गलगंडावर दिलं. गाठी उतरल्या, पण काहींना धडधड सुरू झाली, वजन घटलं.

पेणच्या खाडीकाठाने मिठागरं पाहिली आहेत. मीठ समुद्राचं, म्हणजे त्यात आयोडीन असणारच, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते नगण्य असतं, म्हणूनच वरून मिसळावं लागतं. घरी पोचलेल्या मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन हवं, म्हणजे १० ग्रॅम मिठातून १५० मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाची दिवसाची गरज तेवढीच. उलट केल्प जातीच्या एक ग्रॅम वाळल्या शेवाळात हजार मायक्रोग्रॅमहून जास्त आयोडीन असू शकतं.

‘वनस्पतीच तर आहे’ म्हणून शेवाळाच्या गोळ्या रोज घेतल्या, तर थायरॉइड मंदावू शकते किंवा अतिवेगाने काम करू लागते. गरोदर स्त्रियांनी आणि थायरॉइडच्या रुग्णांनी त्या स्वतःच्या मनाने घेऊच नयेत. रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेणाऱ्यांना शेवाळातलं ‘के’ जीवनसत्त्व अडचणीचं ठरतं. हिजिकी या जपानी शेवाळात तर अकार्बनी आर्सेनिक इतकं असतं, की ते खाऊ नये असा सल्ला ब्रिटनच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने दिला आहे.

डबीवर शेवाळाची जात आणि प्रत्येक गोळीतलं आयोडीन मायक्रोग्रॅममध्ये छापलेलं नसेल, तर ती डबी घेऊ नये. आधीच सुरू केली असेल, तर थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी करायला जाताना ती सोबत न्यावी आणि डॉक्टरांना दाखवावी.