सागावरून तिवरावर

पावसाळा सरत आला की भाईंदरच्या खाडीकाठी कांदळवनाचे पट्टे अचानक तपकिरी दिसू लागतात. झाडांवर विष ओतलं की काय, अशी शंका लोकांना येते आणि फोन खणखणतात. जवळ जाऊन पाहिलं तर तिवराच्या फांद्यांवर काळपट अळ्या वळवळताना दिसतात. शेजारचं चिपीचं किंवा कांदळाचं झाड मात्र हिरवंगार असतं.

या अळ्या हायब्लिया प्युरा नावाच्या पतंगाच्या. डच अभ्यासक पीटर क्रेमर यांनी १७७७ साली त्याचं वर्णन केलं. जगभरच्या वनखात्यांना तो ठाऊक आहे तो मुख्यतः सागाचा शत्रू म्हणून. मीरा-भाईंदरला त्याची दोन्ही घरं हाकेच्या अंतरावर आहेत: चेणे-काशिमीऱ्याच्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं सागमिश्रित रान आणि खाली वसईच्या खाडीची खाजणं. साग डोंगरउतारावरचा आणि तिवर खाऱ्या चिखलातला, तरी वनस्पतिशास्त्रात दोघं एकाच गणातले.

पतंग बसलेला असताना ओळखू येत नाही. करडे-तपकिरी पुढचे पंख छपरासारखे मिटलेले असतात. ते उघडले की मागच्या काळ्या पंखांवरचे नारिंगी पट्टे झळकतात.

पहिल्या पावसात साग कोवळी पानं काढतो आणि मादी नेमकी तीच शोधते. एकेका पानावर सुटी सुटी अशी ती शेकडो अंडी घालते. बाहेर आलेली अळी पानाची कड कापून दुमडते, रेशमाने शिवते आणि त्या आडोशात राहून खाते. मोठी झाली की जाड शिरा सोडून सगळं पान फस्त करते. मग रेशमी धाग्यावरून खाली उतरून पालापाचोळ्यात कोष करते. अंड्यापासून पतंगापर्यंतचा हा सगळा प्रवास उबदार हवेत साधारण तीन-चार आठवड्यांत पुरा होतो. म्हणूनच थोड्याच काळात तिची संख्या भयंकर वाढू शकते. केरळातल्या निलांबूरच्या सागाच्या लागवडीत या अळीमुळे लाकडाच्या संभाव्य वाढीत ४४ टक्के घट होते, असं तिथल्या वन संशोधन संस्थेच्या अभ्यासात दिसलं. त्याच संस्थेने या अळीला मारणाऱ्या एका विषाणूवरही काम केलं आहे.

तिवराचं गणित वेगळं आहे. लाकूड विकायचं नसल्यामुळे इथे तोट्याचा हिशोब नाही, आणि पानं गेली म्हणून झाड मरत नाही. काही आठवड्यांत नवी पालवी फुटते. दरम्यान अळ्यांवर पक्ष्यांचं पोट भरतं आणि अळ्यांची विष्ठा चिखलाला खत पुरवते. अशा जागी कीटकनाशक फवारणं हे सरळ चुकीचं आहे. ओहोटीबरोबर ते विष खेकड्यांत, कोळंबीत आणि शेवटी कोळ्यांच्या जाळ्यात जाईल.

कांदळवनाला खरा धोका आहे तो डेब्रिजच्या भरावाचा आणि भरतीचं पाणी अडवणाऱ्या बांधांचा. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ पासून कांदळवन तोडण्यावर आणि त्यात भराव टाकण्यावर बंदी घातली आहे. तेव्हा तपकिरी तिवर दिसला तर आधी पानं उलटून पाहा. अळ्या असतील तर झाडाला थोडा वेळ द्या. अळ्या नसतील आणि आसपास माती पडलेली असेल, तर लगेच वनविभागाच्या कांदळवन कक्षाला कळवा.