नदी आणि माणूस : भाग 7
चढावरची कावेरी

मागच्या भागात आपण डॅन्यूब पाहिली. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधून निघून दहा देशांतून वाहत ती काळ्या समुद्राला मिळते. व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट, बेलग्रेड या चार राजधान्या तिच्या काठावरच वसल्या. बंगळूरला असा काठ लाभला नाही. तरीही हे शहर जगतं ते नदीवरच.

जे. पी. नगरातल्या मराठी घरांत ‘आज कावेरी आली का?’ अशी सहज विचारणा होते. फाटकाजवळ जमिनीत बांधलेल्या टाकीला तिथे सगळे संप म्हणतात. लोखंडी झाकण उचललं की आत पाण्याची धार पडताना ऐकू येते. बोअरचं पाणी जड. त्यात तूरडाळ लवकर शिजत नाही, नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. म्हणून स्वयंपाकाला कावेरी आणि धुण्याभांड्यांना बोअर.

कावेरी उगम पावते कोडगूत, तळकावेरीला. तिथून साधारण 800 किलोमीटर वाहत ती बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत म्हैसूरजवळ कृष्णराजसागर धरण, पुढे शिवनसमुद्रचा धबधबा. याच धबधब्यावरची वीज 1902 साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोचली होती. बंगळूरचं पाणीही याच परिसरातून उचललं जातं. तोरेकाडनहळ्ळीला ते शुद्ध होतं आणि पुढे हारोहळ्ळी, तातगुणी अशा टप्प्यांनी पंपांच्या जोरावर वर चढतं. शहर पठाराच्या उंच कण्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटरवर. त्यामुळे जवळजवळ 100 किलोमीटरचा प्रवास आणि 500 मीटरच्या आसपास चढ. नदी उताराने वाहते. ही मात्र विजेच्या बळावर डोंगर चढते, आणि म्हणूनच तिचा थेंब महाग. पहिला टप्पा 1974 साली सुरू झाला. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या पाचव्या टप्प्याने रोज 775 दशलक्ष लिटरची भर घातली.

मराठी माणसाचं या नदीशी नातं मात्र नळापेक्षा बरंच जुनं आहे. बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. त्यांचे पुत्र एकोजी (व्यंकोजी) इथूनच तंजावरला गेले आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भोसल्यांचं राज्य उभं राहिलं. ते 1855 पर्यंत टिकलं. तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर 1803 साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आजही वाचता येतो. तंजावरची भातशेती याच पाण्यावर पिकते, म्हणून कर्नाटक आणि तमिळनाडूचा वाद इतका चिघळला. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगळूरच्या पिण्यासाठी 4.75 टीएमसी पाणी वाढवून दिलं. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता, पण त्याने आपली जबाबदारीही वाढली.

2024 च्या उन्हाळ्यात शहरातल्या हजारो बोअर आटल्या. जे. पी. नगरात तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर वर्षाकाठी साधारण एक लाख लिटर पाऊस पडतो. गच्चीचं पाणी गटारात सोडू नका. गाळून संपमध्ये घ्या, उरलेलं बोअरशेजारच्या खड्ड्यात मुरवा. येत्या पावसाळ्याआधीच पाइप जोडून घ्या.