मज्जातंतूंलगत पसरलेल्या मौखिक कर्करोगाची शस्त्रक्रिया

मज्जातंतूंलगत पसरलेल्या मौखिक कर्करोगाची शस्त्रक्रिया म्हणजे तोंडातील मूळ गाठीसोबत, कर्करोग ज्या मज्जातंतूच्या आधाराने पुढे सरकला आहे तो भागही काढून टाकण्याची उपचारपद्धती होय. मज्जातंतूभोवतीच्या आवरणांत शिरलेल्या कर्कपेशी सूक्ष्मदर्शकाखाली आढळल्यास त्याला ‘पेरिन्यूरल इन्व्हेजन’ म्हणतात. हा प्रसार एखाद्या मोठ्या मज्जातंतूतून गाठीपासून दूर गेला असून तो लक्षणांवरून किंवा प्रतिमाचित्रणात दिसत असेल, तर त्याला ‘पेरिन्यूरल स्प्रेड’ अशी संज्ञा आहे. हा प्रसार स्क्वेमस पेशींच्या कर्करोगात आणि लाळग्रंथींच्या ॲडिनॉइड सिस्टिक कर्करोगात विशेषत्वाने आढळतो.

प्रसाराचे मार्ग
तोंडाच्या संवेदना प्रामुख्याने ट्रायजेमिनल या पाचव्या कर्पर मज्जातंतूच्या शाखा वाहून नेतात. भारतात तंबाखू व चुना गालात धरून ठेवण्याच्या सवयीमुळे गाल आणि खालची हिरडी यांमधील खाचेत कर्करोग मोठ्या प्रमाणावर होतो. तेथील कर्कपेशी खालच्या जबड्याच्या हाडातील नळीतून जाणाऱ्या इन्फिरिअर अल्व्हिओलर मज्जातंतूच्या मार्गाने वर सरकून कवटीच्या तळातील फोरामेन ओव्हेल या छिद्रापर्यंत पोहोचू शकतात. टाळूच्या कर्करोगात हा मार्ग वरच्या जबड्याच्या शाखेतून फोरामेन रोटंडमकडे जातो.

लक्षणे व निदान
खालचा ओठ व हनुवटी बधिर होणे, मुंग्या येणे, जळजळ, जिभेची संवेदना कमी होणे ही लक्षणे दिसू शकतात. दातदुखी समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. काही रुग्णांत मात्र कोणतेही लक्षण नसते. गॅडोलिनियम वापरून केलेल्या एमआरआय तपासणीत मज्जातंतू जाड झालेला किंवा अधिक उजळ दिसतो. हाडातील छिद्र रुंदावले असल्यास ते सीटी स्कॅनमध्ये कळते.

शस्त्रक्रिया
मूळ गाठ सभोवतालच्या सुमारे १ सेंटिमीटर निरोगी ऊतींसह काढली जाते. जबड्यातील मज्जातंतू बाधित असल्यास हाडाचा तो संपूर्ण खंड नळीसह काढावा लागतो. त्यानंतर मज्जातंतूचा कवटीच्या दिशेने माग काढला जातो. त्याच्या कापलेल्या टोकाचा तुकडा गोठवून शस्त्रक्रिया चालू असतानाच तपासतात. या तपासणीला फ्रोझन सेक्शन म्हणतात. त्यात कर्कपेशी आढळल्यास मज्जातंतू आणखी वर कापला जातो. आवश्यकतेनुसार जबड्यामागील इन्फ्राटेम्पोरल पोकळीतील चर्वणस्नायूही काढतात.

अनेकदा मानेतील लसिकाग्रंथीही काढल्या जातात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रारंभिक अवस्थेतील मौखिक कर्करोगात या ग्रंथी मूळ गाठीसोबतच काढलेल्या रुग्णांपैकी ८० टक्के तीन वर्षांनंतर हयात होते. ग्रंथींत रोग दिसल्यावरच त्या काढलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते.

मर्यादा
कर्कपेशी मज्जातंतूत मधला भाग मोकळा सोडून पुढे आढळू शकतात. त्यामुळे कापलेले टोक निरोगी असले तरी रोग पूर्ण निघाल्याची खात्री देता येत नाही. प्रसार कॅव्हर्नस सायनसपर्यंत पोहोचल्यास तेथून जाणारी मेंदूची प्रमुख रोहिणी व डोळ्यांच्या हालचालींचे मज्जातंतू यांमुळे रोग पूर्णपणे काढणे बहुधा शक्य होत नाही. अशा वेळी किरणोपचारांवर भर दिला जातो.

पुनर्रचना व पुढील उपचार
जबड्याच्या पुनर्रचनेसाठी पायातील फिब्युला हाड, तर मऊ ऊतींसाठी हाताच्या किंवा छातीच्या ऊती वापरतात. मज्जातंतू काढल्याने ओठ किंवा जिभेचा त्या बाजूचा भाग सामान्यतः कायमचा बधिर राहतो. चावताना किंवा गरम पदार्थ खाताना तेथे नकळत इजा होऊ शकते, म्हणून रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वीच याची कल्पना देणे आवश्यक असते.

मज्जातंतूंलगतचा प्रसार आढळल्यास रोग त्याच जागी उलटण्याचा धोका वाढतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर साधारणतः सहा आठवड्यांच्या आत किरणोपचार सुरू करण्याचा विचार होतो. त्यांची मात्रा सामान्यतः ६० ग्रे असते. बाधित मज्जातंतूचा कवटीच्या तळापर्यंतचा मार्गही या किरणक्षेत्रात घेतला जातो. कापलेल्या कडांत कर्कपेशी उरल्या असल्यास किंवा लसिकाग्रंथीचे आवरण भेदून रोग बाहेर आला असल्यास सिस्प्लॅटिन हे औषधही किरणोपचारांसोबत दिले जाते.