गणिताची भीती : मुलांची की पालकांची?

शाळेत घटक चाचण्या सुरू झाल्या की दवाखान्यात पोटदुखीची मुले येऊ लागतात. दुखणे बेंबीभोवती असते. ताप नाही, वजन घटलेले नाही, रात्री झोपमोड नाही आणि रविवारी तर मुळीच दुखत नाही! जंत, लघवीतील दोष वगैरे पाहून झाले की मी विचारतो, "उद्या पेपर कशाचा?" उत्तर बहुधा गणित असेच असते. (पोट उजव्या बाजूला खाली दुखत असेल, उलट्या किंवा ताप असेल, तर मात्र गणिताला दोष न देता ताबडतोब डॉक्टर गाठावा.)

तिसरीतल्या अशाच एका मुलाला घेऊन त्याची आई आली होती. मी बोलत होतो मुलाशी, पण घाम फुटला होता आईला. "डॉक्टरसाहेब, आमच्या घराण्यातच गणित नाही हो. संध्याकाळी याची वही उघडली की माझ्याच छातीत धडधडतं. मग याचं उत्तर चुकलं की हात उठतो." मुलगा शेजारी बसून सारे ऐकत होता. औषधाची गरज कोणाला होती, हे वाचकांनीच ठरवावे.

अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांची एक पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती होती आणि जे वरचेवर गृहपाठ घेत, त्यांची मुले वर्षअखेर गणितात मागे पडली व तीही घाबरू लागली. तितकेच धास्तावलेले, पण गृहपाठाला क्वचित बसणारे पालक होते, त्यांच्या मुलांत हा परिणाम दिसला नाही. 'हातचा एक' लक्षात धरायला मेंदूत जणू एक लहानशी पाटी असते. भीतीने ती निम्मी भरून जाते. मग येणारे उदाहरणही चुकते.

पुस्तकातली रीत आपल्या रीतीहून वेगळी निघाली तर पालक आणखी बिथरतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असे वाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला! त्या पद्धतीच्या गुणदोषांत मी शिरत नाही.

त्या बाई घरी ब्लाउज शिवतात. "चौतीसच्या छातीचा चौथा भाग किती धरता?" असे विचारले. "साडेआठ," त्या पटकन म्हणाल्या. कागद लागला नाही की छाती धडधडली नाही.

त्यांना सांगितले, महिनाभर गृहपाठाला बसू नका. वडील, आत्या, नाहीतर शाळेतल्या बाईंना विचारू द्या. मापे घेताना मात्र टेप मुलाच्या हाती द्या, आकडे त्याला वाचू द्या. "मलाही गणित येत नव्हते" हे वाक्य धीर देण्यासाठी म्हटले जाते, पण मुलाला ती सूट वाटते. ते त्याच्यासमोर नको. आणि वहीवर हात उगारणे तर कायमचे बंद.

घरात शांतता असूनही तिसरी-चौथीतल्या मुलाला दोन आकड्यांतला मोठा कोणता हे उमगत नसेल, तर त्याला आळशी ठरवू नये. ती अध्ययन अक्षमता असू शकते. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात तिचा समावेश आहे. तपासणी करून दाखला मिळाला तर परीक्षेत सवलतीही मिळतात.