विक्षिप्त स्वभाव आणि छिन्नमनस्कता : नाते कोणते व किती?

एखादा मनुष्य एकलकोंडा असतो. त्याचे बोलणे आडवळणाचे असते. इतरांच्या साध्या हालचालींतही त्याला स्वतःसाठी संकेत दिसतात. अशा मनुष्यास पुढे वेड लागणार, असे भाकीत आप्तेष्ट सहज करून टाकतात. आणि ते खरे ठरलेच, तर दोष मातेच्या संगोपनावर ठेवला जातो. या दोन्ही समजुतींची चिकित्सा करणे अगत्याचे आहे.

'स्किझोफ्रेनिया' ही संज्ञा स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली मांडली. मराठीत या आजारास छिन्नमनस्कता म्हणतात. भास, भ्रम व विचारांची विस्कळीतता ही त्याची प्रमुख लक्षणे होत. व्यक्तिमत्त्व-विकृती त्याहून निराळी आहे. ती एकाएकी उद्भवत नाही. तारुण्यारंभापासूनच ती माणसाच्या विचारांत व नातेसंबंधांत मुरलेली असते. तिच्या प्रकारांपैकी छिन्नमनस्कतेस सर्वांत निकटचा प्रकार म्हणजे 'स्किझोटायपल' विकृती होय. मात्र ज्या समजुती त्या माणसाच्या समाजात सर्वत्र रूढ आहेत, केवळ त्यांवरून हे निदान करता येत नाही.

हे नाते कशावरून सिद्ध झाले? १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी 'छिन्नमनस्कता उत्पन्न करणारी माता' ही कल्पना मांडली होती आणि पुढे दीर्घकाळ असंख्य माता अपराधी ठरल्या. सीमोर केटी, डेव्हिड रोझेन्थाल, पॉल वेंडर प्रभृतींनी या प्रश्नाचा शोध डेन्मार्कमध्ये घेतला. १९२४ ते १९४७ या काळात कोपनहेगन परिसरात दत्तक गेलेल्या सुमारे ५,५०० व्यक्तींच्या नोंदी त्यांनी तपासल्या. १९६८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : रुग्ण ठरलेल्या दत्तकांच्या जन्मदात्या कुटुंबांत हा आजार व त्याची सौम्य रूपे अधिक आढळली, त्यांना वाढविणाऱ्या कुटुंबांत तसे आढळले नाही. म्हणजे जे अनुवंशाने येते, त्याचे खापर संगोपनावर फोडणे अन्यायाचे ठरले. त्या सौम्य रूपांच्या अभ्यासातूनच १९८० च्या अमेरिकन निदानसूचीत 'स्किझोटायपल' विकृतीला स्थान मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेची सूची तर तिला छिन्नमनस्कतेच्याच गटात ठेवते.

तथापि अनुवंश म्हणजे अटळ विधिलिखित नव्हे. सर्वसाधारण लोकांत हा आजार शंभरात सुमारे एकास होतो. एकरूप जुळ्यांपैकी एकास तो असला, तर दुसऱ्यास होण्याची शक्यता सुमारे निम्मी किंवा त्याहूनही कमी असते. दोघांचा अनुवंश एकच असूनही असे घडते. अर्थात इतर कारणेही कार्य करतात. प्रसूतीच्या वेळच्या गुंतागुंती, बालपणीचे आघात आणि किशोरवयातील गांजाचे सेवन यांमुळे धोका वाढतो. स्किझोटायपल व्यक्तींपैकी अल्प प्रमाणातच पुढे छिन्नमनस्कता उद्भवते. बहुसंख्य व्यक्ती आपल्या स्वभावासह आयुष्य काढतात.

तेव्हा विक्षिप्त माणसावर रुग्णाचा शिक्का मारू नये. परंतु त्याला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, शिक्षण वा काम सुटू लागले, झोप व स्वच्छता यांचे भान हरपले, तर मांत्रिकाकडे न जाता विनाविलंब मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. उपचारास जितका विलंब, तितकी सुधारणा अवघड. कारण जाणून उपाय करणे व निर्दोषांना दोष न देणे, हाच येथे विवेकाचा मार्ग होय.